लहानशा करंटाचं सोनं

सोनं पाहून ज्याला दागिना आठवत नाही असा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामाजी सिंदी रेल्वे नावाच्या गावात राहतात. टेलिफोन खात्यात त्यांनी जन्मभर रिले दुरुस्त केले. रिले म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे खटके, आणि त्यांच्या टोकांवर मिश्र सोन्याचा बारीक ठिपका असतो. सोन्याची खरी जागा तीच, गळ्यातलं सोनं निव्वळ रिकामटेकडं, असं त्यांचं ठाम मत. सराफाकडे गेले की ते घडणावळ विचारत नाहीत, "याच्यात निकेल किती?" असं विचारतात. अजिबात नाही म्हणून सराफ बिचारा शपथा घेतो, आणि मामाजी हिरमुसून बाहेर येतात.

आमच्या लग्नात ते आशीर्वाद द्यायला स्टेजवर आले आणि मागे आहेराची रांग खोळंबली. "जवाईबुवा, शुद्ध सोन्याचे दोन तुकडे दाबून ठेवा, चिकटूनच बसतात. मंग सुटत नाई अन् कामही करत नाई. संसारात थोडं निकेल असू द्या!" आमच्या घरी निकेलची बाजू बायकोने आपखुशीनं सांभाळली आहे. त्यांचं दुसरं आवडतं वाक्य पंख्याच्या बटणाकडे बोट दाखवून यायचं. "मोठ्या करंटाले चांदी चालते. काळी पडली तरी तो धक्का मारून जाते. लहानशा करंटाले धक्का मारता येत नाई, त्याले सोनंच लागते." भाजीवाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांनी हे ऐकलं आहे. सगळ्यात जास्त ऐकलं ते मामीजींनी.

मग मामीजींचे कान गेले. छातीशी अडकवायचं, वायरचं मशीन आलं. तेही घामानं गंजून बंद पडलं. हे मॉडेल आता येत नाही, कानामागचं घ्या, असं दुकानदार म्हणाला. पण मामीजींची बोटं थरथरतात, ते शेंगदाण्याएवढं यंत्र त्यांच्या हातात टिकेना. झालं, मामाजी ओरडायला लागले. आज भाजी कोणती, हे अख्ख्या गल्लीला कळू लागलं. मामीजींना तेवढं कळायचं नाही, त्या नुसतं हसून मान हलवायच्या. एवढा बोलका माणूस घरातल्या घरात एकटा पडला. मला फार वाईट वाटायचं.

यंदा दिवाळीत आम्ही नवरा-बायको गेलो तर मामाजी ते जुनं मशीन उघडून बसलेले. सेलच्या गंजक्या पट्ट्या काढून तिथं जुन्या रिलेच्या सोन्याच्या टोकाच्या पट्ट्या कथलाचा डाग देऊन बसवत होते. चष्म्यावर भिंग, कपाळावर घाम. सेल घातला, मामीजींच्या कानात बोंडी बसवली आणि सवयीनं गर्जले, "ऐकू येते काय?"

मामीजी दचकल्या. "अहो, ओरडून काऊन राह्यले? येते ना ऐकू!"

निकेल नाही की चांदी नाही, मामाजींनी चष्म्यावरचं भिंग उतरवून ठेवलं. मग खुर्ची जवळ ओढून अगदी हळू म्हणाले, "कमल."

वर्षभरात हे नाव त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. ओरडून घ्यायचं ते नावच नव्हतं. आम्ही दोघं चपला शोधायच्या निमित्तानं अंगणात आलो. आत मामीजींनी ओ दिली.