कोठ्यांच्या पलीकडचं नेट

आमच्या घरात इंटरनेट होतं, पण ते बैठकीच्या खोलीत होतं. माझी सगळी अडचण एवढीच होती.

केबलवाल्याची वायर खांबावरून थेट कॉम्प्युटरच्या डब्यात यायची. मध्ये राउटर नाही, काही नाही. कॉम्प्युटर दिराचा. तो नोकरीला पुण्याला गेला आणि कॉम्प्युटर बैठकीतच राहिला. दुपारी मामाजी, म्हणजे माझे सासरे, आणि गावातले चार-पाच जण त्यावर खामगाव-मलकापूरचे कापसाचे भाव बघत बसायचे. माणसं बसलेली असली की सुनेनं बैठकीत जायचं नाही, हे आमच्या घरात कोणी सांगत नाही. लग्नानंतर आठ दिवसांत ते आपोआप कळतं. मोबाईलची रेंज म्हणाल तर गच्चीवर, तीही दोन काड्या. तिथं तूर वाळत घातलेली, आणि माकडं.

आणि मला तर ऑनलाईन गणित शिकवायच्या नोकरीसाठी बोलावणं आलं होतं. वीस मिनिटं शिकवून दाखवायचं, दुपारी तीनला. नेट तुटलं तर दुसरी संधी नाही, असं स्पष्ट लिहिलेलं. बी.एस्सी. होऊन सात वर्षं मी भाकरीच थापत होते. ही नोकरी मला हवी होती, काहीही करून हवी होती.

राउटर मागता आला असता. पण राउटर मागायचा म्हणजे कशाला ते सांगायचं, मग नोकरी कशाला ते सांगायचं, मग चार दिवस घरभर चर्चा. मी म्हटलं, मागायचंच नाही. असलेल्या कॉम्प्युटरकडूनच काम करून घ्यायचं.

बाजाराच्या दिवशी मोताळ्याला गेले आणि वायफायची पेनड्राईव्हसारखी एक कांडी घेतली. दुकानदार म्हणाला, "राउटर घ्या ना ताई, कायले डोकं लावता?" मी म्हटलं, "डोकं माझं आहे, तुम्ही कांडी द्या." सकाळी मामाजी शेतात गेले की बैठक रिकामी. पुसायच्या निमित्तानं फडकं घेऊन गेले, कांडी मागच्या बाजूला खोचली आणि सेटिंगमध्ये जाऊन हॉटस्पॉट चालू केला. वायरीतून आलेलं नेट कॉम्प्युटर आता हवेत सोडायला लागला. कोणी जोडलेलं नसलं की हॉटस्पॉट आपोआप बंद व्हायचा, तेही बंद केलं. कॉम्प्युटरची झोपायची सवयही मोडली.

पण स्वयंपाकघरात येऊन बघते तर मोबाईलमध्ये एकही काडी नाही. बैठक आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या खोलीत गव्हाच्या आणि ज्वारीच्या टिनाच्या कोठ्या, माझ्यापेक्षा उंच, ओळीनं उभ्या. पत्र्यातून नेट जाईल कसं? कोठ्या हलवणं माझ्या बापाच्यानंही झालं नसतं. मग दोन दिवस डोकं खाजवून कांडी जोडायला लांब वायर आणली, ती दारावरच्या झरोक्यातून ओढली आणि कांडी बैठकीच्या दारावर, आतल्या बाजूच्या फळीवर चढवली, कोठ्यांच्याही वर. चुलीजवळ तीन काड्या आल्या. मी एकटीच हसले.

हे फक्त सासूबाईंना, म्हणजे माझ्या आत्याबाईंना, सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "करून पाह्य. मी कोनाले सांगत नाही."

ठरलेल्या दिवशी मोबाईल घेऊन चुलीजवळ बसले आणि बरोबर तीनला सुरू झालं. पडद्यावरच्या मॅडम म्हणाल्या, "समजा मी पाचवीतली मुलगी आहे, मला अपूर्णांक शिकवा." मी विचारलं, एका भाकरीचे चार तुकडे करून तुम्ही तीन खाल्ले, मी तेवढ्याच भाकरीचे तीन करून दोन खाल्ले, जास्त कोणी खाल्लं? त्या म्हणाल्या, "सारखंच. दोघींचा एकेकच तुकडा उरला." मी तोंड उघडलं आणि पडदा थिजला.

मोबाईल हातात धरून उठले, कोठ्या ओलांडल्या, तरी काही नाही. बैठकीच्या दारात, फळीच्या बरोबर खाली पाय टाकला तेव्हा काड्या परत आल्या आणि मॅडम हलल्या; फोन तुटला नव्हता. समोर मामाजी आणि चार पाहुणे, सगळे माझ्याकडे बघत. मागे फिरले तर नेट जाणार. मी नाही फिरले. पदर सारखा केला आणि उंबऱ्यातच उभी राहून म्हटलं, "एकेक तुकडा उरला, बरोबर. पण लहान तुकडा कोणाचा उरला?"

पडद्यावर मॅडम मुद्दाम पाचवीतल्या मुलीसारख्या बोटांवर मोजायला लागल्या. तेवढ्यात तख्तावरून मामाजी म्हणाले, "चौथाईवालीचा लहान. म्हंजे पाऊण भाकर खाल्ली तिनं जास्त खाल्लं."

"हा आवाज कोणाचा?" मॅडमनी विचारलं.

"माझ्या सासऱ्यांचा," मी म्हटलं. त्या हसल्या. उरलेली पंधरा मिनिटं मी तिथंच उभी राहून शिकवलं आणि कोणी खोकलंसुद्धा नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "उद्या चारपासून वर्ग घ्या."

फोन ठेवून वर बघितलं तर फळीवर कांडीच्या जागी स्टीलचा गिलास पालथा. सासूबाई मागे येऊन उभ्या. "पाल फिरून राह्यली होती वं तिथं. तुयं यंत्र खराब होईन म्हनून मीच झाकलं." माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली. "आत्याबाई, पत्र्यातून ते जात नाही म्हणून तर मी वर चढवलं!" त्यांचा चेहरा एवढासा झाला, मग मलाच वाईट वाटलं.

पाहुणे उठून गेले. मामाजी बसूनच होते. लग्नाला सात वर्षं झाली, पण त्यांनी मला सरळ काही विचारल्याचं आठवत नाही. जे असेल ते सासूबाईंमार्फत.

"उद्या किती वाजता हाये तुया वर्ग?"

"चारला."

"मंग आम्ही तीनलेच उठत जाऊ इथून."

"उठू नका," मी म्हटलं. "बसा. मी कॉम्प्युटरजवळच्या त्या खुर्चीवर बसेन. फक्त हळू बोला."