घरच्या काट्यावर भरवसा नाही

मोठेबाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ड्यूटीवर होते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दिवसभर दुसऱ्यांचे फोन जोडून देणारी मी, त्या दुपारी शेजारची मैत्रीण म्हणाली, "कुंदा, हा तुझाच आहे गं." पलीकडे आई होती. "मोठेबाबा गेले वं," एवढंच म्हणाली. आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "नक्की? कोणी पाहिलं? डॉक्टरनं नाडी धरली का नीट?" आई रडता रडता हसलीच. म्हणाली, "शोभली बाई त्याइचीच पुतणी!" ... महिना होऊन गेला या गोष्टीला. अजून मला वाटतं, ते कुठंतरी आडोशाला उभे असतील, कोण खरं रडतंय आणि कोण देखल्या देवा दंडवत घालतंय ते निरखत. तेराव्याला जेवण वाढताना मी दोनदा दाराकडे पाहिलं. खोटं कशाला सांगू?

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. नोकरी वजनमापं तपासण्याची. इतवारी बाजारातल्या दुकानांचे काटे, तराजू, लिटरची मापं पाहायची, खोटी निघाली की जप्त करायची. पण नोकरी नसती तरी त्यांनी हेच केलं असतं. लहानपणी कुहीच्या बाजारात वडिलांबरोबर धान घेऊन गेले असताना व्यापाऱ्यानं पारड्याला अंगठा लावलेला त्यांनी पाहिला होता, तेव्हापासून माणूस दिसला की आधी त्याचे हात कुठं आहेत ते पाहायचे. दूधवाला तर त्यांना पाहून गल्लीच बदलायचा. रामटेकला गेलो तर गडावरचा नारळ फोडायच्या आधी कानाशी हलवणार आणि "देवाले काहून फसवता गा?" म्हणून तिथंच हुज्जत घालणार. लग्न केलं नाही ते याच्यापायीच. ज्या घरी मुलगी पाहायला जायचे, तिथले लोक काहीतरी लपवून राहिले असा त्यांना वास यायचा. शेवटी महाल वस्तीतल्या आमच्याच घरी राहिले. वडील रेल्वेत, महिन्यातले अर्धे दिवस बाहेर. त्यामुळे माझ्या बालपणी घरातला पुरुष म्हणजे मोठेबाबाच. भित्रे नव्हते, कंजूस नव्हते, पण संशयी असे की विचारू नका!

मी पाचेक वर्षांची होईपर्यंत बोलत होते. जरा नाकात, पण समजेल असं. सर्दी मात्र बारमाही, घसा सुजलेला, झोपेत तोंड उघडं. धंतोलीतल्या एका डॉक्टरांनी पाहिलं आणि सांगितलं की गळ्यातल्या गाठी आणि नाकामागच्या गाठी दोन्ही काढू, पोरगी ठणठणीत होईल. काढल्या. सर्दी गेली, घोरणं गेलं आणि त्यांच्याबरोबर माझं बोलणंही गेलं. आवाज होता, पण सगळा नाकातून. प, ब, क, ट, स, सगळ्यांचा नुसता हुंकार व्हायचा. माझं स्वतःचं नावसुद्धा मला सांगता येईना. डॉक्टर म्हणाले, दुखलंय म्हणून असं बोलते, महिन्या-दोन महिन्यांत सुधारेल. महिने गेले. पुढं म्हणाले, लाडावलीय, सवय झालीय. आईनं नवस बोलले. शाळेच्या मुख्याध्यापिकेनं मला समोर उभं करून नाव विचारलं, दोनदा विचारलं आणि आईला म्हणाली, "बोलायला लागली की आणा." त्या दिवशी आई रस्ताभर रडत आली आणि मी तिच्या पदराआड तोंड लपवून चालले, हे मला आजही आठवतं.

मोठेबाबांचा निवाडा झालेला होता. "त्यानं ज्यादा कापलं. काटा मारला त्यानं." डॉक्टरच्या दवाखान्यात जाऊन म्हणाले, "काय काय काढलं ते दाखवा." ते कुठून दाखवणार? मग तर संशय पक्काच झाला. शेवटी कोणाच्या तरी सांगण्यावरून मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या सर्जनकडे मला नेलं, तेही उपचाराला नव्हे, पुरावा गोळा करायला!

हे डॉक्टर उंच, शांत. त्यांनी टॉर्च मारला, मला "आ" करायला लावलं, मग बोट आत घालून टाळूच्या मागच्या कडेवरून हळूच फिरवलं. आईला विचारलं, तान्ही असताना दूध नाकातून यायचं का? आई चपापली. यायचं. घरातल्या बायका म्हणायच्या, जास्त पाजतेस म्हणून. डॉक्टर म्हणाले, "हिची टाळू वरून सांधलेली दिसते, पण आतून जुळलेली नाही. कातडीखाली फट आहे. पडजीभ पाहा, मधोमध चिरलेली. बोलताना टाळू मागं जाऊन नाकाची वाट बंद करते, ती हिची होत नाही. म्हणून हवा नाकातून निसटते."

"मंग पयले कशी बोलत होती?" मोठेबाबांनी लगेच पकडलं.

"नाकामागच्या गाठी तिथं बोळ्यासारख्या बसल्या होत्या. वाट त्यांनी बुजवली होती. बोळा काढला आणि वाट उघडी पडली. त्या डॉक्टरांनी जास्तीचं काही कापलेलं नाही. पण कापायच्या आधी टाळूला बोट लावून पाहायला हवं होतं."

मोठेबाबांनी स्टूल पुढं ओढलं. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमचं तोंड उघडा." आईनं कपाळावर हात मारला. पण मोठेबाबा गंभीर. "मी वजनमापं तपासतो, साहेब. खरं माप समोर असल्याशिवाय खोटं कसं ओळखू? तुमची टाळू पाहू द्या." आणि त्या भल्या माणसानं काय करावं? स्टुलावर बसून त्यानं खरंच आ वासला! मोठेबाबांनी टॉर्च घेतला, डॉक्टरांच्या तोंडात पाहिलं, माझ्या तोंडात पाहिलं, पुन्हा डॉक्टरांच्या पाहिलं. "फरक आहे," म्हणाले. त्यांच्या तोंडून निघालेलं हे मोठंच प्रशस्तिपत्र होतं.

पण टाळू दुरुस्त करायची म्हणजे पुन्हा ऑपरेशन. आई ऐकेना. "बोलती पोरगी नेली, मुकी करून आणली. आता जीवच घेतील." वडील म्हणाले, दादा म्हणेल तसं. आणि दादाला तर जगात कोणाचंच पटत नव्हतं! मोठेबाबांनी सुट्टी टाकली आणि रोज त्या दवाखान्याच्या वऱ्हांड्यात जाऊन बसू लागले. त्याच डॉक्टरांनी टाळू शिवलेली पोरं तपासून घ्यायला यायची. कोणी पारशिवनीकडची, कोणी भंडाऱ्याची. मोठेबाबा त्यांच्या आयांना दूर बसवायचे आणि पोरांना एकेकटं बोलतं करायचे. गाव काय, बैलाचं नाव काय, काल काय जेवला. आयांना वाटायचं हा म्हातारा चोर आहे की काय. असं पाहून पाहून एक दिवस घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि आईला म्हणाले, "करू द्या बाई. पोट्टे बोलून राहिले. सगळे नाई, पन बहुतेक."

मला आठवतं ते फक्त घशातलं दुखणं आणि कितीतरी दिवसांची पेज. टाळू शिवली गेली. घरात सगळे माझ्या तोंडाकडे देवाच्या कौलाकडे पाहावं तसे पाहत बसले... आणि मी तोंड उघडलं तर तोच नाकातला हुंकार. आई मटकन खालीच बसली. मोठेबाबा तसेच उठून दवाखान्यात भांडायला गेले. डॉक्टर म्हणाले, दार बसवून दिलंय, आता ते लावायला शिकवावं लागेल. त्यासाठी तिथं एक बाई होत्या, पुण्याकडच्या, पांढऱ्या साडीतल्या. त्या मला रोज बोलायला शिकवू लागल्या. नाकाखाली छोटा आरसा धरायच्या आणि म्हणायच्या, "म्हण, पापा." आरशावर वाफ आली तर हवा नाकातून गेली, नाही आली तर बोल साफ. मोठेबाबांनी आधी तो आरसा मागून घेतला, स्वतःच्या नाकाखाली धरला, "पापा, पापा" केलं आणि तो कोरडा राहिलेला पाहिला. मग खुशीत म्हणाले, "हे माप खरं आहे." दुसऱ्या दिवशी बाजारातून तसाच आरसा घरी आला. सकाळ-संध्याकाळ मी आणि मोठेबाबा समोरासमोर. पापा. पीपी. काका. काडीपेटी. वाफ आली की ते डोळे वटारायचे, मी रडायचे, आई स्वयंपाकघरातून ओरडायची की पोरीचा जीव घेता का.

हळूहळू आरसा कोरडा राहू लागला. उन्हाळा लागला, आणि आई म्हणू लागली, "किती छान बोलते आता. जूनमधे शाळेत घालू." मला तर वाटलं, झालं! पण मोठेबाबा मान हलवत. "तुमचे कान तिच्यावर बसले आहेत, बाई. तिनं अर्धं म्हनलं की उरलेलं तुमी पुरं करता. घरच्या काट्यावर भरवसा नाई. बाहेरचा कान पाह्यजे." आई संतापली. पण ते ऐकतात कुणाचं! जोवर अनोळखी माणसाला माझं बोलणं समजत नाही, तोवर शाळेच्या दारात पाऊल टाकायचं नाही, असा त्यांनी कायदाच केला. तिथं पुन्हा परत पाठवली तर पोरगी कायमची मिटेल, असं म्हणाले.

मग सुरू झाल्या त्या परीक्षा. इतवारीत तर सगळे त्यांना ओळखायचे, म्हणून ते मला लांब लांब न्यायचे, सदरला, गोकुळपेठेत. मला किराणा दुकानासमोर सोडायचे आणि स्वतः रस्त्यापलीकडे झाडाआड. मी जाऊन म्हणायचं, "पाव किलो पोहे आणि खडीसाखर." एकानं मोहरी दिली. एकानं "मुकी आहे का बिचारी?" म्हणून हातावर गुळाचा खडा ठेवला. तो खडा मी मोठेबाबांच्या अंगावर फेकला. मला त्यांचा राग यायचा. मनापासून यायचा. सहा वर्षांच्या पोरीला असं बाजारात उभं करतं का कोणी? घरी आलं की आरसा.

शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी सक्करदऱ्याला गेलो. तिथला दुकानदार टकलू, जाडजूड. मी तेच म्हणाले. तो म्हणाला, "काय?" संपलं सगळं, असं वाटलं. मी डोळे मिटून पुन्हा म्हणाले, एकेक अक्षर दाबून. त्यानं डबा उघडला, पोहे मोजले. मग खडीसाखर. पुडी माझ्या हातात देताना मात्र त्यानं माझ्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली. मी वळून पाहिलं, तर मोठेबाबा दुसरीकडे तोंड करून टोपीनं घाम पुसत होते.

त्या जूनमध्ये मी शाळेत गेले. नाव सांगितलं, कुंदा, आणि ते सगळ्या वर्गाला समजलं. पण ती हललेली मान माझ्या डोक्यात रुतून बसली. आईलाही शंका आली होतीच. तिनं एकदा विचारलं, "तुमी दुकानदाराले पयलेच सांगून ठेवलं असन, नाई का?" तर मोठेबाबा भडकले, "मी काटा मारीन? मी?" पण नाही असं काही म्हणाले नाहीत. हे मी नीट ऐकलं होतं, त्यांच्याच हाताखाली तयार झालेली ना मी! पुढं वक्तृत्वात बक्षीस मिळालं, एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली, दिवसभर अनोळखी माणसं माझा आवाज ऐकतात. मोठेबाबा कधीकधी बाहेरून फोन लावून आवाज बदलून बोलायचे आणि शेवटी म्हणायचे, "'प' जरा ढिला आला आज." पण कोणी माझ्या बोलण्याची तारीफ केली की आतून कोणीतरी विचारायचं, पहिलं माप खरं होतं का? की या इतक्या खऱ्या माणसानं माझ्यासाठी एकदाच पारड्याला अंगठा लावला? त्यांना सरळ विचारायची हिंमत मला झाली नाही. आणि मग ते गेलेच.

गेल्या रविवारी मी सक्करदऱ्याला गेले. दुकान आहे. गल्ल्यावर मुलगा, आणि मागं खुर्चीवर तोच टकलू, आता म्हातारा. मी आधी पोहे आणि खडीसाखर मागितली, आणि मुलगा डबा उघडेपर्यंत ओळख सांगितली. म्हातारा एकदम सरळ बसला. "टोपीवाल्या साहेबाची पोरगी? तुमी?"

"ते आधी येऊन गेले होते ना?" मी विचारलं. माझा आवाज, काय सांगू, पुन्हा नाकात गेला होता.

"आले होते ना. आदल्या सांजेले. म्हने, उद्या एक पोरगी येईन. तिचं बोलनं समजलं तर सामान द्या. नाई समजलं तर अंदाजानं देऊ नका. दया करान तर तिचं नुकसान होईन, भाऊ." म्हातारा हसला. "मले तर तुमचं पयल्याच बारीले समजलं होतं. पन त्याइनं इतकं बजावलं होतं, म्हून मी मुद्दाम परत विचारलं."

मी कशीबशी म्हणाले, "मग नंतर त्यांच्याकडे पाहून मान काहून हलवली?"

"मंग काय करू, बाई? त्याइनं तिकून हात जोडले होते ना मले."

... देवाच्या नारळावर संशय घेणारा हा माणूस. मी त्यांना कधी कोणापुढं हात जोडताना पाहिलं नव्हतं.

घरी आले. मोठेबाबांच्या खोलीत त्यांचा छोटा तराजू खिडकीशी तसाच टांगलेला आहे. बाजारातून आलेली प्रत्येक पुडी आधी त्याच्यावर चढायची आणि मगच स्वयंपाकघरात जायची. सवयीनं मी पोह्यांची पुडी पारड्यात ठेवली, दुसरीकडे पाव किलोचं वजन. पुडीचं पारडं खाली गेलं. म्हाताऱ्यानं पोराला खूण करून चांगले मूठभर जास्त घालायला लावले असणार. मोठेबाबा असते तर त्यांनी मला उभ्या पावली सक्करदऱ्याला परत पाठवलं असतं. मी नाही गेले. पोहे ठेवून घेतले.