सायबाचं शेवाळ

दुकानात शिरला की तो आधी जीभ बाहेर काढून दाखवायचा. हिरवीगार. मग ती आत ओढून म्हणायचा, "सकाळीच चमचाभर घेतलंय. खर्च कसला? ऊन काय बिल पाठवतं व्हय?"

राजुरीत माझं औषधांचं दुकान आहे. नव्वदीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आपण या गावात चुकून जन्मलो असं वाटणारे लोक तुम्हीही पाहिले असतील. हा त्यांतलाच. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यानं आयुष्यभर उसाचा रस तपासला, पण चालायचा असा, की जणू रस यानंच शोधून काढला. तोंडावर लोक त्याला सायेब म्हणत. मागून काय म्हणत ते लिहिण्यासारखं नाही.

निवृत्त झाल्यावर त्यानं परसात उथळ खड्डा खणला, प्लास्टिकचा कागद अंथरला, पाण्यात खायचा सोडा नि मीठ टाकलं आणि कुठूनतरी बाटलीभर हिरवं विरजण आणून सोडलं. तो त्याला स्पिरुलिना म्हणे, गाव शेवाळ म्हणे. दिवसभर खराट्यानं पाणी ढवळायचं, दाट झालं की जुन्या धोतरातून गाळायचं. शहरात याच्या गोळ्या महाग मिळतात आणि आपण फुकटात पिकवतो, एवढंच त्याचं ब्रह्मज्ञान. इतका चिक्कू, की वर टाकायला जाळीसुद्धा घेतली नाही. पडलेल्या माश्या चिमटीनं काढी आणि प्रवचन चालू ठेवी.

खाणारं मात्र मिळेना. अंगणवाडीच्या बाईंनी हात जोडले. मग सून गरोदर राहिली आणि त्याला हक्काचं तोंड सापडलं. तिच्या अंगात रक्त कमी होतं. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या यानं बंद केल्या. "गोळीत काय ठेवलंय? ह्याच्यात समदं हाय." मुलगा बापापुढं तोंड उघडत नसे. सून शहाणी होती. सासरा रोज देई ती शेवाळाची वाटी म्हशीच्या पेंडीत कालवी आणि भाजी आणायच्या निमित्तानं येऊन गोळ्या माझ्याकडून नेई. तिच्या गालावर जरा तजेला दिसला की सायेब गावभर मिरवी. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण तिनं मला गप्प राहायला सांगितलं होतं.

उन्हाळ्यात खड्डा आटला. पाणी वाहायला नवं पिंप कशाला, म्हणून त्यानं शेजारच्या द्राक्षबागेतलं टाकून दिलेलं पिंप मागून आणलं. बागेत त्यात फवारणीचं मोरचूद कालवत. बुडाशी निळा थर बसलेला होता. मोरचुदानं शेवाळ मरतं, हे प्रयोगशाळेतल्या माणसाला कोणी सांगायचं? हिरवं पाणी पिवळं पडलं आणि वास सुटला.

मी बघायला गेलो, खरं तर हसायलाच. कुंपणाशी बरेच जण जमले होते. "सायेब, मेलं वाटतं राव," कुणीतरी म्हणालं. पण कबूल करील तो सायेब कसला! त्यानं तळाचा लगदा वाटीत घेतला आणि सुनेपुढं धरला.

"रंग बदललाय, गुण न्हाई. घे."

सातवा महिना होता तिला. सगळ्यांदेखत ती म्हणाली, "मामंजी, आधी तुमी खावा."

त्यानं एकदा वाटीकडं पाहिलं, एकदा आमच्याकडं. आणि सगळी वाटी संपवली.

संध्याकाळपर्यंत उलट्यांनी बेजार. जीपमध्ये घालून आम्ही नारायणगावला दवाखान्यात नेला. काय खाल्लं, डॉक्टरांनी विचारलं, तर म्हणतो, "भेळ." मी मोरचुदाचं सांगितलं म्हणून वाचला. जीव गेला तरी चालेल, पण चुकलं म्हणायचं नाही, अशा माणसाची मला किळस आली.

सलाईन लागल्यावर त्यानं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, गावात सांगू नका म्हणेल.

"पिंपातला निळा थर म्या बघितला व्हता. तिनं मागनं न्हाई ना खाल्लं?" त्यानं विचारलं.

मी नाही म्हणालो. त्यानं डोळे मिटले, तरी कडेनं पाणी आलंच.

सुनेला मुलगी झाली. दोघी सुखरूप. खड्डा त्यानं स्वतःच बुजवला. पुढं काही वर्षांनी तो गेला. दहाव्याला मी तिला दवाखान्यातली ती गोष्ट सांगितली. वाटलं, तिला बरं वाटेल.

पोरीचा हात धरून तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी त्यास्नी ठावं व्हतं," ती म्हणाली. "मग वाटी माझ्यापुढं धरलीच कशाला?"