डोक्यावरचा हात

ग्वाल्हेरच्या दाना ओलीत, म्हणजे त्या गल्लीत, इनास रुमावला सगळे पादरीबाबा म्हणत आणि तेवढ्या एका हाकेनं त्याचं डोकं फिरे. तो पादरी नव्हता. होता होता राहिला होता. नोकरी संस्थानच्या तोफखान्यात कारकुनाची, आणि रविवारी मुरारच्या छोट्या चर्चमध्ये पोरांकडून धर्माची प्रश्नोत्तरं घोकून घेण्याचं काम. पण इथं कोणाला काय सांगणार? आजा वसईहून येऊन शिंद्यांच्या फौजेत गोलंदाज झाला, बापानं तोफखान्यात नोकरी करता करता चर्चच्या किल्ल्या सांभाळल्या, म्हणजे हा पिढीजात पादरी, असं गल्लीनं ठरवून टाकलं होतं. इथं सगळंच बापाकडून मुलाकडे जायचं. सरदारी, पुजारीपण, राजवाड्यातला पंखा ओढायचं कामसुद्धा.

शेजारचे महिपतराव तोफखान्यातच जमादार होते. त्यांना एकाच गोष्टीचं कोडं पडलेलं. “यार इनास, तुमच्या पादरीला बायको नाही, बच्चे नाहीत. मग गादी चालते कशी? दत्तक घेतात का?”

“हात ठेवून,” इनास सांगे. “येशूनं बारा शिष्य नेमले. त्यांनी पुढच्यांच्या डोक्यावर हात ठेवला, त्यांनी त्यांच्या पुढच्यांच्या. आजचा बिशप त्याच साखळीतला. त्याचा हात पडला की माणूस पादरी. त्याला रक्त लागत नाही आणि नुसती हुशारीही पुरत नाही.”

“आणि तुझ्या डोक्यावर नाही पडला?”

इथं इनासला हटकून काहीतरी काम आठवे आणि तो आत निघून जाई.

पडायचा होता. तरुणपणी तो आग्र्याला पादरी होण्याचं शिक्षण घेत होता. लॅटिनमध्ये पहिला, गाण्यात बरा, आणि दीक्षा अगदी तोंडावर आलेली. तेवढ्यात बाप गेल्याची तार आली. मुख्य गुरू म्हणाले, “जा, घर सावर. बोलावणं पाठवू.” घरी आई आणि लग्नाच्या दोन बहिणी. तोफखान्यानं बापाची जागा मुलासाठी राखून ठेवलेली. तो आला नाही तर जागाही जाणार आणि सरकारी घरही. इनास तात्पुरता म्हणून कामावर चढला आणि बोलावण्याची वाट पाहू लागला.

ते आलं नाही. दुसऱ्या कोणी चार वेळा लिहून विचारलं असतं, आग्र्याची गाडी पकडून दारात उभं राहिलं असतं. पण इनासला शिकवलेलं असं, की ह्या कामाला आपण होऊन जायचं नसतं, बोलावणं यावं लागतं. आलं नाही, म्हणजे आपण त्या लायकीचे नव्हतो. हे त्यानं मुकाट्यानं गिळलं आणि आईनं आणलेल्या मुलीशी लग्न केलं. बायको भली निघाली, तिच्याविषयी त्याची कधी तक्रार नव्हती. फक्त कारकुनाच्या गळ्यापर्यंत गुंड्या लावायच्या कोटात तो दरवर्षी जास्त गुदमरत गेला.

आणि त्यानं एक गोष्ट सोडली. ह्यांच्या घरात संध्याकाळची जपमाळ संपली की धाकट्यानं थोरल्यापुढे वाकून ‘बेसांव’ म्हणजे आशीर्वाद मागायचा, आणि थोरल्यानं डोक्यावर हात ठेवायचा. लग्नानंतर इनास आईपुढे कधी वाकला नाही. का, ते त्याचं त्यालाही धड सांगता आलं नसतं. ज्या डोक्यावर बिशपचा हात पडला नाही, त्यावर दुसऱ्या कोणाचा नको, असं काहीतरी असावं. आईनं, कात्रीनबायनं, कधी विचारलं नाही. जपमाळ झाली की ती हात पदराखाली घेई.

आता तीच कात्रीनबाय खाटेवर पडली होती आणि वैद्यानं बाहेर येऊन मान हलवली होती. तिला एकच पाहिजे होतं, पापाची कबुली द्यायला पादरी. मुरारचे फादर आजारी पडून हवापालटाला डोंगरावर गेलेले. झाशीला तार केली, पण तिकडून कोण येणार, कधी येणार, कोणालाच ठाऊक नव्हतं.

“तूच ऐक,” ती इनासला म्हणाली. “सगळं शिकलायस ना?”

“शब्द येतात आय. अधिकार नाही.”

“शब्द तेच ना?”

“तेच. पण माझ्या तोंडून ते नुसते शब्द. लहान मूल मरत असलं तर बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतं, मीही देईन. पण पाप सोडवायला हात ठेवलेलाच माणूस लागतो.”

“माझी नजर गेली आहे,” कात्रीनबाय म्हणाली. “मला कुठं दिसणार कोण आहे ते?”

इनास चिडला. भयंकर चिडला. ते शब्द त्याला पाठ होते, उभ्या आयुष्यात दुसरं काही इतकं पाठ नव्हतं. ते म्हटले असते तर म्हातारी सुखानं गेली असती, आणि तो मनातून कायमचा लबाड ठरला असता. तो खाटेच्या पायथ्याशी बसून राहिला.

दुपारी महिपतरावांचा टांगा दारात थांबला. “घे, झाशीच्या गाडीवरून आणला तुझा पादरी. पण बेटा, ह्याला ना मराठी येते, ना हिंदी. रस्ताभर नुसता हसत होता.”

टांग्यातून एक कोवळा गोरा पोरगा उतरला. नुकताच दीक्षा घेऊन जहाजानं आलेला, उन्हानं नाक सोललेलं. आपल्या मुलाच्या वयाचा हा, आणि त्याच्या डोक्यावर तो हात पडला आहे.

दोघांना मिळून एकच भाषा येत होती, लॅटिन. इनासची गंजलेली, त्या पोराची पुस्तकी. फादर म्हणाला, बोलता येत नसेल तर नुसती खूण पुरे, मी पापं सोडवीन. बोलायचंच असेल तर दुभाषी चालतो, पण मग माझ्याइतकाच तोही बांधलेला. ऐकलेलं मरेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही, तिच्याशीसुद्धा नाही.

इनासनं आईला समजावलं. “खूण कर आय, बास.”

“नाही. मी सांगणार, आणि तूच त्यांना सांगायचं.”

बायकोला बाहेर पाठवून त्यानं दार लावलं. फादरनं गळ्यात जांभळी पट्टी घातली. कात्रीनबायनं क्रुसाची खूण केली आणि कोणी हिसकावून घेईल अशा घाईनं बोलू लागली.

“नवरा गेल्यावर आग्र्याहून एक म्हातारे फादर आले होते. माझ्या मुलाला न्यायला. तो तोफखान्यात कामाला गेला होता. मी म्हटलं, त्याचा विचार बदलला, त्याला लग्न करायचं आहे, परत बोलावू नका. ते दारात उभ्या उभ्या रडले. मुलगा घरी आला तेव्हा विचारलं त्यानं, कोणी आलं होतं का. मी म्हटलं, कोणी नाही.”

इनासला वाटलं, आपल्याला लॅटिनमधला एकही शब्द आठवणार नाही. पण सगळे आठवले. एकेक वाक्य त्याला म्हणावं लागलं, आणि तेही तिच्याच तोंडचं. मी माझ्या मुलाशी खोटं बोलले. मी त्याचं बोलावणं परत पाठवलं. त्याचा आवाज कुठं अडखळला तर फादरला वाटलं, शब्द सापडत नसेल. त्यानं हळूच विचारलं, तो मुलगा हयात आहे का?

“आय, ते विचारतात, तो मुलगा आहे का?”

“आहे म्हणावं. तोच सांगतोय तुम्हाला.”

इनासनं तेही सांगितलं.

फादरचा चेहरा उतरला. तो इनासकडे बघत राहिला, मग त्यानं हात उचलला. उच्चार परदेशी होते आणि शब्द अगदी तेच होते. इनास ओठ घट्ट मिटून बसला.

“झालं?” कात्रीनबायनं विचारलं.

“झालं, आय.”

“देवानं सोडलं. आणि तू?”

ह्याच प्रश्नाची त्याला भीती होती. ओरडायचं होतं, विचारायचं होतं, कसे दिसत होते ते फादर, काय म्हणाले, माझं नाव घेतलं का. यातलं काहीच आता विचारता येणार नव्हतं. आज नाही, तिच्या मातीवर उभं राहूनही नाही. मी माफ केलं, एवढंही म्हणता येईना, कारण दुभाषी म्हणून तो बांधलेला होता, आणि त्या बंधनानं त्यानं काही ऐकलेलंच नव्हतं. आईचे आंधळे डोळे त्याला शोधत होते.

इनास खाटेपाशी गुडघ्यांवर बसला आणि त्यानं मान खाली घातली.

“आय,” तो म्हणाला, “बेसांव दे.”

तिनं हात पदराखालून काढला. डोकं कुठं आहे ते तिला दिसत नव्हतं. इनासनं तिचं मनगट धरलं आणि हात वर नेऊन ठेवला.