फोटोचं ताट

त्या पाळणाघरात पोरं बोलायला लागली की आई-बाबांच्या पाठोपाठ तिसरा शब्द यायचा तो 'मंमंकाकू'. काकूंचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथंच राहिलं. तळमजल्यावरच्या आठ बाय दहाच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं त्यांनी चाळीसेक पोरांना रांधून घातलं, आणि अभिमान धरला तो एकाच गोष्टीचा: आपण भाजी खाल्ली हे एकाही पोराला कधी कळलं नाही.

हसू नका. अडीच वर्षांच्या पोराला भाजी भरवून बघा एकदा, मग हसा. हिरवं दिसलं की तोंडाला कुलूप! गाजराचा तुकडा जिभेनं शोधून काढतात आणि शेजारच्याच्या मांडीवर ठेवतात. म्हणून काकू सकाळी सातला भोपळा, गाजर, पालक, घेवडा वाफवायच्या, रवीनं घोटायच्या, चाळणीवर घासून गाळायच्या आणि तो सगळा ऐवज डाळीत मिसळून मऊ भाताबरोबर वाढायच्या. पालकानं रंग बिघडतो, म्हणून पालकाच्या दुप्पट भोपळा. ही विद्या त्या सासूबाईंपायी शिकल्या. सासूबाईंचे दात गेले होते, हट्ट तेवढे शाबूत होते.

पोरांत एक टिल्ली होती. वयानं तीन वर्षांची, काट्यावर दोन वर्षांची. तिची आई कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करायची. सकाळी झोपाळू पोर आणून सोडायची, संध्याकाळी झोपाळू पोर घेऊन जायची. दिवसातलं टिल्लीचं खरं जेवण दुपारचंच. पहिले दोन महिने ती ताटाकडे पाठ करून बसली. काकूंनी तिला मांडीवर घेऊन एक घास चिऊचा, एक घास काऊचा करत चिकाटीनं भरवलं, आणि सहा महिन्यांत पोरीचं वजन दीड किलोनं वाढलं. त्या दिवशी काकू काट्यासमोरून हलेचनात. जरा आणखी भरली की हिची काळजी मिटली, असं त्या मुख्य ताईंना दहादा म्हणाल्या.

मग वरून कागद आला. पोरं कधी भरवली नाहीत अशा शहाण्यांनीच तो लिहिला असणार. रोज साडेअकराला एका ताटाचा फोटो पाठवायचा. कुठल्याशा ऑफिसात बसलेलं कुणीतरी तो बघून शंभरपैकी गुण देणार. ताटात भाज्या वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. महिनाभर साठच्या खाली राहिलात तर स्वयंपाकघर बंद, जेवण मोठ्या भटारखान्यातून बंद डब्यांत येणार.

काकूंच्या पहिल्या फोटोला वीस गुण मिळाले. शेरा होता, 'भाजी नाही.'

"नाही? पाच किलो भाजी आहे त्या पातेल्यात!" काकू कडाडल्या.

"फोटोत दिसत नाही ना, काकू," ताई म्हणाल्या. त्या स्वभावानं बऱ्या होत्या, पण वरच्या कागदापुढे त्यांचं काही चालायचं नाही.

मग काकूंनी चार दिवस गाजराचे चौकोनी तुकडे, घेवड्याचे लांब काप असं सगळं मांडून वाढलं. गुण पडले नव्वद. ताटं मात्र भरलेली परत आली. टिल्लीनं गाजर बघितलं, काकूंकडे बघितलं आणि पुन्हा पाठ केली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, म्हणतात ते हे.

घरी नवरा घड्याळ उघडून बसला होता. जन्मभर त्यानं दुसऱ्यांची घड्याळं दुरुस्त केली, स्वतः कधी वेळेवर उठला नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"अगं, लग्न ठरताना तू माझा फोटो बघितला होतास ना? कसा होतो त्यात?"

"राजबिंडे," काकू म्हणाल्या.

"आणि पदरात काय पडलं? मग! फोटोसाठी वेगळं, संसारासाठी वेगळं."

दुसऱ्या दिवसापासून काकूंनी एक फोटोचं ताट सजवायला सुरुवात केली. गाजर, घेवडा, मटार, सगळं ऐटीत मांडलेलं. फोटो झाला की ते बाजूला, आणि पोरांना नेहमीचा मऊ भात, भाज्या गडप केलेल्या डाळीसकट. गुण पंच्याण्णव, ताटं चाटूनपुसून रिकामी, टिल्ली पुन्हा मांडीवर. ताईंना हे माहीत होतं. त्या साडेअकराला मुद्दाम पाठमोऱ्या उभ्या राहायच्या.

चुकलं ते पुढं. फोटो झाल्यावर ते ताट पोरांना चालायचं नाही, आणि टाकायला काकूंचा हात उठायचा नाही. ज्या हातानं एकोणीस वर्षांत शीत वाया घालवलं नाही, तो वाटीभर चांगली भाजी कचऱ्यात कशी टाकेल? त्यांनी ते ताट झाकून फ्रिजात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटोला काढलं. तिसऱ्या दिवशीही. गाजराच्या एका तुकड्यावर काळा डाग होता. तो डाग सलग तीन फोटोंत त्याच जागी आला, आणि ऑफिसातल्या ज्या कुणाला एरवी पाच किलो भाजी दिसत नव्हती, त्याला तो बरोबर दिसला.

तपासणीच्या बाई न सांगता आल्या त्या नेमक्या जेवणाच्या वेळी. पोरांच्या ताटांत नुसतं पिवळं. फ्रिजात सजवलेलं ताट.

"मुलांच्या वाट्याची भाजी कुठं जाते, काकू?" बाईंनी विचारलं.

त्या प्रश्नाचा अर्थ काकूंना आधी कळलाच नाही.  कळला तेव्हा त्यांनी चाळणी दाखवली, तिच्यातला चोथा दाखवला, सालांची बादली उपडी केली. "बाई, एक घास खाऊन बघा. पाया पडते. एकच घास."

"आम्हाला चव घेण्याची परवानगी नाही," बाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी खरंच नियम वाचला होता.

आठवड्यात शेगडी गेली. ताईंनी रदबदली करून काकूंना डबे उघडायच्या कामावर ठेवून घेतलं, एका कागदावर सही घेऊन: जेवणाबद्दल पालकांशी काकूंनी अवाक्षर बोलायचं नाही, नाहीतर पाळणाघराचा परवानाच जाईल. काकूंनी सही केली. या वयात दुसरीकडे कोण ठेवून घेणार होतं त्यांना?

डब्यांत भाजी होती, हो. लख्ख दिसायची. डब्यातलं कालवायचं नाही, कुस्करायचं नाही, घरून काही आणायचं नाही. फोटोला रोज शंभर गुण. पोरं भाताची चार शितं वेचायची आणि डबा सरकवायची. टिल्ली तेवढीही वेचायची नाही. काकू उरलेले डबे काळ्या पिशवीत ओतायच्या आणि तोंड धुवायला जायच्या.

दोन महिन्यांत टिल्लीचं दीड किलो परत गेलं. ताईंनी वर कळवलं. उत्तर आलं: केंद्रात जेवण शंभर गुणांचं आहे, सबब दोष घरचा, आईला समज द्यावी.

त्या संध्याकाळी टिल्लीची आई समज घेऊन बाहेर आली आणि सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली. डोळे सुजलेले, कारखान्यात सुई लागलेल्या बोटाला पट्टी. टिल्ली खांद्यावर मान टाकून पडली होती.

"काकू, ताई म्हणतात मी हिला घरी नीट घालत नाही. घरी पोचेपर्यंत ही पेंगलेली असते हो, मी कधी घालू? तुम्हीच सांगा. इथं तरी पोटभर जेवते ना ही?"

आईच्या मागं ताई उभ्या होत्या. त्या काकूंकडे बघत होत्या. काकूंच्या तोंडाशी शब्द आला होता. अगदी ओठांपर्यंत आला होता. मग त्यांना सही केलेला तो कागद आठवला आणि भीती वाटली.

"जेवते हो," काकू म्हणाल्या. "सगळं संपवते."

"मग माझंच कुठंतरी चुकतंय," आई म्हणाली, आणि पोरीला सावरत रस्त्याला लागली.