मिरचीच्या कोठारातला चोर

नातीला गेम बनवायचं शिकायला पुण्याला जायचं होतं. घरात माझ्या होकाराशिवाय पाऊल पडत नाही, आणि मी हो म्हणत नव्हतो. ती म्हणाली, आधी एक खेळून तर बघा. मी हटून बोललो, "यातला चोर मी धरा तं तू आठेच शिकशी. धरता नही उना तं जाय." म्हणजे धरला तर इथेच, नाही तर पुणं.

चौथी शिकलेला माणूस मी. पण चाळीस वर्षं मिरची वाळवायच्या पथारीवर काढली. माणूस मला कळतो.

गेम हिंदीत होता. मसाल्याच्या जुन्या पेढीतला मुनीम बेपत्ता, तिजोरी रिकामी, चौघांवर संशय. कंदील घेऊन खोल्या हिंडायच्या, कागद वाचायचे, शेवटी एकाचं नाव सांगायचं. एकदाच. खेळ बांधलाय चांगला, खोटं बोलणार नाही. माळ्यावर पावलं वाजली की माउस जागीच थांबायचा. दुपारचं ऊन दारात, आणि मी मान वळवून मागे बघतोय.

पण चिठ्ठ्या फार. अक्षर बारीक, वळणाचं.

"आबा, मी वाची दिऊ का?"

"मन्हा डोया शाबूत शेत."

दोन चिठ्ठ्या वाचल्यासारखं करून मी मिटल्या.

मग त्या चौघांतला आचारी भेटला. म्हणे, तासभर मिरचीच्या बंद कोठारात पोती उपसत होतो. डोळे पांढरेशुभ्र. ठसका नाही, शिंक नाही. पथारीवर नवा मजूर पाच मिनिटांत नाकाला फडकं बांधतो.

"हाऊच शे," मी म्हणालो.

"पक्कं ना आबा? चोर धरना शे, मिरची नही निवडनी."

बोलली खरी, पण नखं कुरतडत होती. मी आचाऱ्याच्या नावावर बटण दाबलं.

पडदा काळा झाला. चोर मालकाचा भाऊ निघाला. पुरावा दुसऱ्या चिठ्ठीत होता.

मी भांडलो. बनवणाऱ्यानं मिरचीचं कोठार कधी पाहिलंय का? तू खोकलास का नाही, एवढंच आचाऱ्याला विचारायचं होतं, तर तो प्रश्नच यादीत नाही. आपल्याला सुचलेलं विचारता येत नाही, तो कसला तपास?

"ते चुकनंच शे," ती म्हणाली. "पन चिठ्ठी?"

चिठ्ठी वाचली नव्हती, हे तेव्हा तोंडातून निघालं नाही, आज लिहितोय. तिनं पुन्हा विचारलं नाही. पुण्याचं नावही काढलं नाही.

शेवटी मीच मुलाला हाक मारली. "तिना फॉर्म आजच भरी टाक," म्हणालो, आणि तिच्याकडे न बघता चपला घालून बाहेर पडलो.