रहीमचाचांचं नाक

रहीमचाचा बाटली उघडण्याआधी तिला सलाम करीत. मान किंचित वाकवून, एखाद्या बड्या बेगमेला करावा तसा. मग खिशातला पेच बुचात फिरवत आणि बाटली गुडघ्यांत धरून आवाज न करता बूच वर ओढत. ते बूच नाकाशी नेऊन त्यांनी डोळे मिटले की भोवतीची माणसं गप्प होत. "जिंदा है," म्हणाले की पेले भरायचे. "मर गई," म्हणाले की बाटली थेट झाडाच्या बुंध्यात.

निजामी अमलाच्या अखेरच्या काळात नांदेडला विलायती वाइन ठेवणारी घरं मोजकीच होती. बाटल्या हैदराबादेहून येत, पण त्या उघडायच्या कशा हे कुणाला धड ठाऊक नसे. कुणी खिळ्यानं बूच कोरी, कुणी ते आतच ढकलून देई. कधी कधी बूचच बिघडतं आणि आतल्या वाइनला ओल्या गोणपाटाचा वास लागतो, हे तर चाचांखेरीज कुणी ओळखू शकत नसे. सिकंदराबादेला एका गोऱ्या साहेबाकडे त्यांनी उमर खानसामा म्हणून काढली होती. गंमत अशी की स्वतः पाचवक्त नमाजी. थेंबही कधी जिभेवर ठेवला नाही.

"चाखल्याबिगर कळतं कसं चाचा?" मी एकदा विचारलं.

"जबान खुशामत करती मियाँ. मालक चांगली म्हणला की तीबी चांगली म्हणती. नाक कुनाचं नौकर नै."

मी तेव्हा बाविशीचा. माझे मामा नांदेडचे नामांकित वकील, आणि मी त्यांच्याच घरी राहून वकिली शिकत होतो. एकदा तालुकदारसाहेब, म्हणजे आजच्या भाषेत कलेक्टर, मामांकडे जेवायला येणार असं ठरलं. मामांनी तीन बाटल्या मागवल्या. मामी कडक सोवळ्याच्या. "त्या माझ्या उंबऱ्याच्या आत यायच्या न्हाईत. म्हशीपाशी ठेवा." त्या गोठ्यात नेऊन भिंतीशी उभ्या केल्या. चाचा बघायला आले आणि कपाळावर हात मारून घेतला.

"बाईसाब, खडी नका ठिवू. बूच सुकतं. निजवा तिला."

"निजवा? पाळणाबी टांगू का?"

"टांगा की! पन हलवू नका."

मामी पदर तोंडाला लावून हसल्या. बाटल्या भुश्यात निजल्या, आणि दोन दिवस मामी "लेकी उठल्या का हो चाचा?" म्हणून विचारत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी घर झोपलेलं असताना मी गोठ्यात शिरलो. वाइन कशी लागते ते मला बघायचंच होतं. बुचावरची लाख खरवडली, खिळा घातला, तर बूच मोडलं आणि अर्धं आत पडलं. दोन पेले प्यालो. आवडली नाही, पण बाटली तर रिकामी दिसायला लागली. मग कोरा चहा गार करून तिच्यात ओतला. मामीच्या ओव्याच्या अर्काच्या बाटलीचं बूच काढून हिला ठोकलं. कोर्टात रोज पाकिटांवर लाखेची मोहर करून हात बसला होता. वरून अशी सुबक लाख चढवली की माझं मलाच कौतुक वाटलं.

जेवणाच्या दिवशी दोन बाटल्या जिंदा निघाल्या. तिसरीला चाचांनी सलाम केला, बूच ओढलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटण्याऐवजी उघडेच ठेवले. नजर सरळ माझ्याकडे. लाखेनं भाजलेलं माझं बोट मी पाठीमागे लपवलं.

"मर गई," चाचा म्हणाले. बूच खिशात टाकलं, आणि कुणी काही बोलायच्या आत बाटली डाळिंबाच्या बुडात पालथी केली.

तालुकदारसाहेब वाइनचे जाणकार. त्यांनी रिकामी बाटली मागवून हुंगली. "मियाँ, इसमें तो कोई सड़न नहीं. आपकी नाक बूढ़ी हो गई." पंगत हसली. मामाही हसले. चाचांनी मान खाली घातली. मी माझ्या ताटातली पुरणपोळी मोडत राहिलो.

मागच्या अंगणात ते मला गाठून म्हणाले, "छोटे वकील, ओव्याची शराब आज पैल्यांदा बघितली! उस्ताद हो तुम." आणि पोट धरून हसले. मी पाय धरले. "मामांना कळलं तर घराबाहेर काढतील."

"म्हनूनच तर ओतली. पन तुम्हीच सांगा मामांना. आज नै तर उद्या."

मी सांगितलं नाही. आठवड्याभरात गावभर झालं की रहीमचाचांचं नाक गेलं. त्यांना बोलावणी येईनाशी झाली. खानसाम्याचा पेच खिशात घालून ते बाजारात हिंडत, आणि टवाळ पोरं गुलकंदाची बरणी पुढं करून विचारत, "चाचा, जिंदा का मुर्दा?" चाचा बरणीलाही सलाम करीत. "जिंदा! पन तुझी अक्कल मर गई." पोरं पळत, तेही हसत. पुढं ते मुलीकडे लातूरला गेले आणि तिथंच वारले. मामाही गेले. मी वकील झालो, जन्मभर दुसऱ्यांकडून शपथेवर खरं वदवून घेतलं.

मागच्या महिन्यात लातूरला लग्नाला गेलो होतो. तिथं त्यांची नात भेटली, शाळेत शिकवते. चाचांचं नाव काढताच ती हसून म्हणाली, "आमच्यात अजून म्हणतात, नानांचं नाक आयुष्यात एकदाच चुकलं, तेबी तालुकदारापुढं."

मी तिला सगळं सांगितलं. तिचं हसू थांबलं. मग म्हणाली, "वकीलसाब, असं तोंडी नको. लिहून द्या."

म्हणून हे लिहून देत आहे. त्या दिवशी बाटली मी बिघडवली होती, आणि रहीमचाचांनी ती बरोबर ओळखली होती.